फुकटच्या जेवणाचं धारूर

धारूरला लोक किल्ला बघायला जातात. मी तिथं तीन दिवस राहिलो आणि किल्ल्याची भिंत फक्त बारच्या खिडकीतून बघितली. पण त्या गावात भाकरी कुठं चांगली मिळते, मटण कुठं खावं आणि कुठं खाऊ नये, हे मला विचारा. तीन दिवस मला दुसरं कामच नव्हतं. एकाही जेवणाचे पैसे मी दिले नाहीत, आणि एकही घास धड घशाखाली गेला नाही.

मी जनावरांचा व्यापारी. बाजारात दुसऱ्यांच्या बैलांना पाणी दाखवण्यापासून सुरुवात केली. आज माझ्या शब्दावर जोडी उभी राहते. त्या दुष्काळात माजलगावचं धरण तळाला गेलं होतं आणि आमच्या गावात दावणी रिकाम्या होत चालल्या होत्या. लोक माझ्याकडं जनावर आणायचे आणि म्हणायचे, काय द्यायचं ते द्या, पण न्या. असा माल घ्यायला मला लाज वाटत होती असं मी म्हणणार नाही. पण गावातलं शेवटचं जनावर गेलं की व्यापारी कुणाचा? मला गावात चारा छावणी पाहिजे होती. छावण्या चालवायच्या सहकारी संस्थांनी, आणि त्यातल्या सगळ्यात मोठ्या संस्थेची निवडणूक तेव्हाच लागली होती. तिचं नाव इथं घेत नाही.

या निवडणुकीत मत प्रत्येक शेतकऱ्याला नसतं. गावची सोसायटी ठराव करून एक माणूस निवडते आणि गावाचं मत तो टाकतो. आमच्या गावाचा ठराव माझ्या नावावर होता. मागच्या वेळी संस्था चालवणाऱ्या याच साहेबांच्या पॅनलला आम्ही मत दिलं आणि पुढच्या टंचाईत छावणी गेली भलत्याच तालुक्याला. तो काटा माझ्या टाचेत अजून आहे. या वेळी साहेबांचा निरोप आला: "छावणी तुमच्याच गावाला. कुणाला बोलू नका. चार दिवस सहलीला चला."

सहल म्हणजे काय, हे आमच्याकडं शेंबडं पोरही सांगेल. मतदान होईपर्यंत ठराववाल्यांना लांब नेऊन ठेवायचं, खाऊ-पिऊ घालायचं, म्हणजे समोरचं पॅनल त्यांना गाठू शकत नाही. मी हे ऐकून होतो. आत शिरल्यावर कसं वाटतं ते ठाऊक नव्हतं.

घाटाच्या तोंडाशी

आम्ही सात गावचे सात जण होतो. नेणारा साहेबांचा पुतण्या; सगळे त्याला दादा म्हणत. वय तिशीच्या आत, पांढरा शर्ट, बोलणं मऊ. बरोबर त्याच्या हाताखालची तीन पोरं, ती मात्र मऊ नव्हती. तेलगाव सुटलं तसा मी विचारलं, "दादा, वरच्या तालुक्यातल्या लोकांना मागं महाबळेश्वर दावलं म्हणं. आमाला कावून धारूर?"

"शेठ, दुष्काळ हाय. थंड हवेला नेलं तर पेपरवाले फाडून खातील. आन धारूर बी डोंगरावरच हाय की!"

सगळे हसले. मी हसलो नाही. मला माझी किंमत कळत होती आणि ती एका घाटाएवढीच लागली होती.

घाट सुरू होण्याआधी एका ढाब्यावर थांबलो. मटण काळ्या मसाल्याचं होतं, चांगलं मुरलेलं, वर तेलाचा तवंग. भाकरी मात्र गिरणीच्या जाड पिठाची, दाताखाली कच येणारी. आमच्याकडं गिऱ्हाईक बसायच्या आत पाण्याचा जग समोर येतो. इथं जेवण पूर्ण झाल्यावर एक पेला आला, तोही पाऊण. हात धुवायला ताटातच पाणी घालायचं, आणि ते ताट मालक उचलून दारातल्या म्हशीच्या घमेल्यात ओतायचा. म्हैस मटणाचं पाणी प्यायची नाही, तोंड फिरवायची. मालक म्हणायचा, "पेशील गं, सांजपतूर पेशील."

जेवण झाल्यावर दादाने एक कापडी पिशवी फिरवली. "मोबाईल टाका यात. वर रेंज न्हाई, उगं बॅटरी उतरती."

मी फोन टाकला. सगळ्यांनी टाकला. शेवटचा होता श्रीमंत नावाचा, सिंदफणेच्या काठच्या एका गावचा, आमच्यात वयाने लहान. तो म्हणाला, "माझी बायको बाळंतपणाला टेकली हाय. मी न्हाई देणार." पोरांतल्या एकाने त्याच्या हातातून फोन सहज काढून घेतला, लेकराच्या हातातलं खेळणं घ्यावं तसा. श्रीमंत गाडीत जाऊन बसला. 

घाटात रस्ता अरुंद आणि वळणं एकात एक अडकलेली. दरीत सीताफळाची झाडं नुसत्या काड्या होऊन उभी. एका वळणावर कठडा तुटलेला होता आणि तिथं पांढरा चुना टाकून ठेवला होता. मी खाली बघितलं नाही. बैलाच्या डोळ्याला डोळा देणारा माणूस मी, पण उंची मला सोसत नाही.

महानंदाबाईंची खानावळ

आम्हाला पेठेतल्या एका बारच्या वरच्या खोलीत उतरवलं. नाश्ता आणि दुपारचं जेवण पलीकडच्या गल्लीत, महानंदाबाईंकडं. घरातच चालवलेली शाकाहारी खानावळ, उंबऱ्याच्या आत गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लावून बाई चुलीपुढं बसायच्या. धारूरला गेलात तर इथं जेवा. ज्वारीची भाकरी कागदासारखी पातळ, पिठलं, लसणाचा ठेचा, आणि येसराची आमटी. येसर, म्हणजे भाजलेल्या डाळी-धान्याचं मसाल्याचं पीठ, आमच्या घरीही होतो, पण आमचा पिवळा आणि तिखट. बाईंचा काळसर, धने जास्त भाजलेले, आमटी दाट आणि जिभेवर थोडी कडवट रेंगाळणारी. दुसऱ्या दिवशी पहिल्या घासाला मी सगळं विसरलो. दुसऱ्या घासाला लक्षात आलं की पाटावर सहाच जण आहेत.

"श्रीमंत कुठंय?"

दादा भाकरी मोडत होता. "गेला. पोट बिघडलं म्हणाला. पोरांनी पहाटं सोडलं घाटाखाली."

"मला न्हाई बोलला?"

"तुमी कोण त्याचे, मामा?" एक पोरगा म्हणाला आणि बाकीचे दोघं हसले.

 सहा माणसं खाली मान घालून आमटी भुरकत होती. महानंदाबाई वाढायला वाकल्या, दादाकडं पाठ करून, आणि माझ्या ताटात भाकरी टाकताना पुटपुटल्या, "दर इलेक्शनला येतात. खावा मुकाट."

मी रागाचा माणूस. बाजारात एकदा मी एकाच्या अंगावर पाण्याची बादली फेकली होती, बैलाच्या दातांवरून वय सांगताना खोटं बोलला म्हणून. त्या खानावळीत मात्र राग वर आला की मी भाकरीचा तुकडा तोंडात कोंबत होतो. मला दादापेक्षा माझ्या तोंडाची भीती वाटत होती. ते उघडलं तर पहाटे घाटाखाली सोडायचा दुसरा मी.

मासे नसलेला बार

बार खोलीच्या खालीच होता. त्या संध्याकाळी आम्हाला तिथं बसवलं. लाल दिवे, थंड फरशी आणि भिंतीला लागून एक मोठी काचेची पेटी, माशांची. पेटीत पाणी नव्हतं. तळाला रंगीत खडे आणि त्यावर प्लास्टिकची फुलं. मालक गप्पिष्ट होता, जाड भिंगाचा चष्मा लावणारा. मी विचारलं, मासे कुठंत?

"मेले. टँकरच्या पाण्यात औषध लई. त्याच दिशी पेटीतलं पाणी काढून गाईला पाजलं. काय करता, मासे दूध देत न्हाईत."

त्या बारमध्ये बाटली मागाल ती मिळत होती, पाणी मिळत नव्हतं. ज्याला नुसती जमत नाही त्याने सोडा फोडायचा, सोडा संपला की लिंबाचं गोड पाणी. आमच्यातला एक जण दारू आणि लिंबाचं गोड पाणी मिसळून प्यायला आणि तोंड धरून बसला. शेंगदाणे खारवलेले, कांदा ताजा, आणि भाजलेल्या पापडावर चटणी भुरभुरलेली. ती मला आवडली. मी सोड्यावरच होतो. डोकं जागेवर ठेवायचं होतं.

मालकाने माझ्याजवळ वाकून हळूच विचारलं, "सहलीचेच ना तुमी?" मी मान हलवली. "मागं एका निवडणुकीत एक गाडी घाटात उतरली म्हणतात. उतरली म्हंजी, रस्त्यानं न्हाई. खरं-खोटं देव जाणे." असं म्हणून त्याने टेबल पुसलं, कोरड्या फडक्याने.

मागच्या अंगणात हात धुवायची जागा होती. तिथं मला गहिनीआबा भेटले. आबा आमच्या सातांतलेच, शेजारच्या गावचे, सत्तरीचे, डोक्याला पटका. नेकनूरच्या बाजारात त्यांनी मला कितीतरी बैल दिलेत आणि मी त्यांना कितीतरी वेळा नाडलंय. ते इकडंतिकडं बघून म्हणाले, "शेठ, तुमाला म्हणून सांगतो. छावणी माझ्या गावाला हाय. साहेबांचा निरोप हाय. कुणाला बोलू नका."

 तेच शब्द, तोच निरोप.

"आबा, छावणी माझ्या गावाला हाय."

आबांचा हात तसाच हवेत राहिला. घमेल्यात थेंब पडत होते. "मंग बाकीच्यांना बी..."

"सगळ्यांना. सात गावं, एक छावणी. ती बी बहुतेक आठव्याच गावाला."

दारात पोरांतला एक येऊन उभा राहिला. "काय खलबतं चाललीत बे, म्हाताऱ्या?"

आबांचं तोंड पांढरं पडलं. मला एकदम सुचलं ते बोललो, मोठ्याने. "खलबतं कसली? आबाचा खिल्लारी विकायचाय. हा डांबरट दुष्काळात बी सोन्याचा भाव सांगतोय!"

पोरगा हसला. "मंग घ्या की शेठ, आमी बी बघू."

ज्यांनी जनावरांचा बाजार बघितला नाही त्यांना सांगतो. आमचा सौदा तोंडाने होत नाही. दोघांच्या हातांवर उपरणं टाकायचं आणि त्याखाली बोटं धरायची. एक बोट धरलं म्हणजे एक, पंजा धरला म्हणजे पाच, पंजा दाबून वर दोन बोटं म्हणजे सात. शेकडा की हजार, ते दोघांना आधीच ठाऊक असतं. बघणाऱ्याला फक्त हलणारं कापड दिसतं. आणि उपरण्याखाली दिलेला आकडा मोडता येत नाही. मोडणाऱ्याला बाजारात कुणी दावं हातात देत नाही.

आत जाता जाता पोरगा दोन पावलं पुढं होता, तेवढ्यात मी आबांना म्हणालो, "सातच्या सात गावांना. आधी चारा, मंग मत. एकानं बी सातच्या खाली उतरायचं न्हाई."

"श्रीमंताचं गाव?"

"ते धरूनच सात."

आम्ही टेबलाशी बसलो. मी उपरणं काढून हातांवर टाकलं. आबांचा हात लाकडासारखा कडक होता. मी पंजा धरला, दाबला, वर दोन बोटं. आबांनी डोळे मिटले आणि तसंच परत दाबलं. तोंडाने मी ओरडत होतो, "काय म्हणता आबा, जनावर हाय का हत्ती!" आणि सगळा बार हसत होता.

मग आबांनी दुसऱ्याच्या हातावर उपरणं टाकलं, त्याचं गोऱ्हं बघायच्या निमित्ताने. सोड्याच्या पेल्यामागं, हात धुताना, जिन्यावर, दोन-दोन शब्द आधी जात होते आणि मग उपरणं. चौथ्याला सगळं समजल्यावर त्याचा हात इतका घामेजला की माझी बोटं निसटली. त्याला दोनदा दाबावं लागलं. पाचवा माझ्याकडं न बघता म्हणाला, "परवडत न्हाई शेठ," आणि उपरण्याखाली सात दाबले.

दादा कोपऱ्यात बसून पापड खात होता. उठताना माझ्याजवळ थांबला. "दुष्काळात लईच जनावरं घेताय, शेठ. बांधणार कुठं?"

तो हसत होता. मी हसायचा प्रयत्न केला, तोंड वाकडं झालं.

उतार

तिसऱ्या दिवशी महानंदाबाईंकडं उसळ होती. मला वाढायच्या आधी दादा आला. "शेठ, चला. तुमाला गावाकडं सोडतो. घरनं निरोप हाय."

"काय निरोप?"

"चला तर."

पाच जणांनी माझ्याकडं बघितलं आणि लगेच ताटात बघितलं. मी कुणाला दोष देत नाही. मी उठलो, चप्पल घातली. उजव्या पायाची डाव्या पायात गेली.

जीप दादा स्वतः चालवत होता. दुसरं कुणी नव्हतं. भर दुपार, रस्त्यावर चिटपाखरू नाही. घाट लागला. मी मनात श्रीमंताचं नाव घेत होतो, देवाचं घ्यावं तसं. तुटलेल्या कठड्याच्या वळणावर, चुन्याच्या रेघेला चाक टेकवून, त्याने जीप थांबवली. माझ्या बाजूला दरी होती. दार उघडलं असतं तर पाय टेकायला जमीन नव्हती.

"उपरणं द्या."

माझ्या हातून निघेना. त्यानेच माझ्या खांद्यावरून ओढलं, आमच्या दोघांच्या हातांवर टाकलं आणि खालून माझा हात धरला.

"माझा बाप नेकनूरला दलाल होता, शेठ. मला चालता यायच्या आधी ही बोटं कळत होती."

म्हणजे बारमध्ये तो सगळं वाचत बसला होता. आमची तोंडं, हलणारं कापड, घाम. 

त्याने माझं एक बोट धरलं. "तुमचं गाव. आज संध्याकाळी गाडी येईल. बाकीच्यांचं तुमी इसरा."

खोटं कशाला सांगू, मला ते बोट गोड लागलं. गावातल्या दावणी डोळ्यांपुढं आल्या. मी इतकी वर्षं हेच करत आलो. आपलं साधायचं आणि बाजार उठायच्या आत निघायचं. पण मी रात्रभर जागा होतो आणि माझ्या बोटांवर पाच जणांच्या हातांचा घाम होता. मी पंजा धरला, वर दोन बोटं.

त्याने दोन दिली. मी सात. त्याने तीन दिली आणि म्हणाला, "शेठ, दरी बघा."

मी बघितलं. खाली काळे दगड, त्यावर उन्हाची वाफ. डोळे फिरले.  मी डोळे मिटले आणि तेव्हा पहिल्यांदा माझं लक्ष त्याच्या हाताकडं गेलं. माणसाचं तोंड पाहिजे तसं ठेवता येतं. हात ठेवता येत नाही. त्याचा हात गार पडला होता आणि करंगळी उडत होती, थांबून थांबून, तापातल्या वासराच्या कातडीसारखी. बाजारात मी हजारदा अनुभवलंय हे. ज्याला जनावर नेल्याशिवाय घरी जायची सोय नाही, त्याचाच हात असा उडतो. हा पोरगा सात मतं घेऊन गेला नाही तर चुलता याला उंबऱ्यात उभा करणार नव्हता.

त्याने चार दाबले, मग पाच.

मला भीती वाटायची थांबली असं नाही.  पण मी पंजा सोडला नाही आणि वरची दोन बोटं उचलली नाहीत. तोंडाने एवढंच म्हणालो, "दादा, मला घाला खाली. पाच जण राहतील. त्यांना बी सातच ठावं हाय."

त्याने काचेतून पुढं रस्त्याकडं बघितलं. मग हात काढून घेतला. ना हो म्हणाला, ना नाही. जीप मागं घेतली, घाट उतरला आणि पायथ्याला मला ढाब्यासमोर सोडलं. पिशवीतून माझा फोन काढून दिला. "मतदानाला गाडी येईल," म्हणाला आणि धूळ उडवत वर गेला.

मी ढाब्याच्या बाकावर बसलो. मालकाने न मागता पाण्याचा पेला आणला, पूर्ण भरलेला. माझ्या तोंडाचा रंग बघून आणला असावा. मी श्रीमंताच्या घरी फोन लावला. त्याच्या बायकोने उचलला. "आलेत. पाय सुजलेत, चालतच आले. झोपून हायेत. कुणाशीच बोलत न्हाईत." मागं तान्ह्या लेकराचा आवाज येत होता.

घरी

गावात आल्यावर मी दोन दिवस दार लावून बसलो. बायको म्हणाली, "सहल मानवली न्हाई वाटतं." आबा आणि बाकीचे चौघं मतदानाच्या आदल्या सकाळी आपापल्या गावी सोडले गेले, हे फोनवरून कळलं. म्हणजे दादाने त्यांनाही वळणावर थांबवलं असणार, एकेकाला. कुणी उतरलं का खाली, कुणी एक बोट घेतलं का, हे मी विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही.

त्याच दुपारी आमच्या वेशीत उसाच्या वाढ्यांचा, म्हणजे शेंड्यांच्या चाऱ्याचा, ट्रॅक्टर आला. मागं ताडपत्री, बांबू, पाण्याची टाकी. श्रीमंताच्या गावालाही आला. दिवस मावळेपर्यंत सहा गावांत चारा पोचल्याचं फोनवरून कळलं. आबांचं गाव सगळ्यात आडबाजूला, कच्च्या रस्त्याचं. तिथं अजून काही नाही.

मतदानाच्या दिवशी सकाळी दारात पांढरी गाडी उभी राहिली. ड्रायव्हर म्हणाला, "बसा शेठ, टाइम कमी हाय." मी गाडीच्या दाराला हात लावून उभा राहिलो. बाकीच्यांच्या दारातही अशाच गाड्या उभ्या होत्या आणि तेही उभे होते. आबांच्या गावाला चारा आल्याशिवाय बसायचं नाही, हे मी प्रत्येकाकडून फोनवर पक्कं केलं होतं. ड्रायव्हरने भोंगा वाजवला. गाव गोळा झालं. बायको खिडकीतून खुणा करत होती, बसा, बसा म्हणून. ड्रायव्हर फोनवर कुणाशी तरी हळू बोलला आणि माझ्याकडं बघून पुन्हा बोलला. 

तेवढ्यात आबांचा फोन आला. मी हॅलो म्हणालो. आबा बोललेच नाहीत. त्यांनी फोन गुरांकडं धरला होता. अख्ख्या गावची जनावरं एकदम हंबरत होती, आणि त्यात मधूनच ओला चारा मोडल्याचा कुरकुर आवाज.

मी गाडीत बसलो.